समुद्रगुप्ताच्या मांडीवरचं वाद्य आणि हरवलेली धनुष्याकृती वीणा

प्रश्न असा होता: समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा जे वाद्य वाजवतोय ते हार्पसारखं दिसतं, पण पुस्तकात त्याला वीणा म्हटलंय. मग चूक कुणाची? आणि आपल्याकडे हार्प होतं तर ते गेलं कुठे?

चूक कुणाचीच नाही. गुप्तकाळापर्यंत वीणा म्हटलं की बहुधा हेच वाद्य डोळ्यांपुढे यायचं. होडीसारखं पोकळ पोट, त्यावर ताणलेलं कातडं, पोटाच्या एका टोकातून वर वळत गेलेली मान, आणि मानेपासून पोटापर्यंत ताणलेल्या तारा. पडदे नाहीत, दांडी नाही, भोपळाही नाही. ऐतरेय आरण्यक या वैदिक ग्रंथात माणसाच्या शरीराची वीणेशी तुलना केलीय, तिथे पूर्वीच्या वीणा केसाळ कातड्याने मढवलेल्या असत असा उल्लेख आहे. भारहूत, सांची, अमरावती, नागार्जुनकोंडा, इथल्या शिल्पांत बघा, हेच वाद्य वारंवार दिसतं.

या प्रश्नाला आलेल्या एका उत्तरात हे वाद्य ग्रीकांकडून आलं असावं असं म्हटलंय. तो गैरसमज बहुतेक नाणेतज्ज्ञांनी या नाण्याला दिलेल्या 'लायरिस्ट टाइप' (लायरवादक प्रकार) या नावामुळे झाला असावा. लायरला दोन बाजूंना दोन हात आणि वर आडवी काठी असते. नाण्यावर तसं काही नाही. धनुष्याकृती हार्पची जात इजिप्त आणि मेसोपोटेमियात ग्रीकांच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ग्रीकांची स्वतःची आवड लायर नि किथारा (लायरचाच मोठा प्रकार). समुद्रगुप्ताला वादन येत होतं याला नाण्याखेरीज प्रयाग प्रशस्तीचा, म्हणजे अलाहाबादच्या स्तंभावरच्या त्याच्या स्तुतिलेखाचाही आधार आहे. हरिषेण लिहितो की राजाने संगीतात तुंबरू आणि नारद या स्वर्गीय गायक-वादकांना लाजवलं. दरबारी कवीची अतिशयोक्ती वजा करा, तरी राजाला स्वतःची ही ओळख सोन्यावर ठसवावीशी वाटली, हे उरतंच. पुढे पहिल्या कुमारगुप्तानेही या प्रकारची नाणी पाडली. ती फार दुर्मिळ आहेत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो संगीताच्या विद्यार्थ्यांनाही सहसा कुणी सांगत नाही. नाट्यशास्त्रात चित्रा ही सात तारांची वीणा बोटांनी आणि विपंची ही नऊ तारांची वीणा कोणाने, म्हणजे नखीसारख्या साधनाने, वाजवायची असं दिलंय. त्याच ग्रंथात 22 श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन अगदी सारख्या वीणा घ्यायच्या. एक ध्रुव, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल, तिच्या सगळ्या तारा एकेक श्रुतीने चार वेळा उतरवायच्या. दुसऱ्या वेळी चल वीणेचे ग आणि नि ध्रुव वीणेच्या रे आणि ध ला जाऊन मिळतात, तिसऱ्या वेळी रे-ध हे सा-प ला, चौथ्या वेळी सा, म, प हे अनुक्रमे नि, ग, म ला. दोन, तीन आणि चार श्रुतींची अंतरं अशी कानांनीच पडताळता येतात. आजच्या सतारीवर हा प्रयोग करायला बसलात तर पडदे सरकवण्यात जीव जाईल. प्रत्येक स्वराला स्वतंत्र मोकळी तार आहे असं धरलं की सगळं सरळ उलगडतं. श्रुतींवर पानंच्या पानं वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे मुळात चुकीचं वाद्य असतं, असं मला वाटत आलंय.

मग हे वाद्य का गेलं? या वीणेवर एका तारेतून एकच स्वर निघतो. मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणं, जवळपास अशक्य. शिवाय मानेला समोरून आधाराचा खांब नाही, त्यामुळे एक तार ताणली की मान किंचित वाकते आणि बाकीच्या तारा उतरतात. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास दांडी आणि भोपळ्याच्या वीणा पुढे येऊ लागल्या. त्यांच्यावर एकाच तारेवर हात सरकवत स्वरातून स्वरात जाता येत होतं. गमकांना, म्हणजे स्वर हलवून-डोलवून सजवण्याला, महत्त्व आल्यावर निकाल ठरलेलाच होता. मधल्या काळात अजिंठा, गांधार आणि ग्वाल्हेरजवळच्या पवाया इथे पोटुशा, आखूड मानेच्या ल्यूटसारखं (मानेवर तारा दाबून वाजवायचं) वाद्यही दिसतं. तेही पुढे मागे पडलं.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजाच्या, सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, तोवर चित्र पार बदललं होतं. त्याने सगळा मान दिलाय तो एकतंत्रीला, म्हणजे एकाच तारेच्या वीणेला. दांडी म्हणजे शंभू, तार म्हणजे उमा, भोपळा म्हणजे ब्रह्मदेव, आणि तिच्या नुसत्या दर्शन-स्पर्शाने ब्रह्महत्येसारखी पातकंही धुतली जातात म्हणे! डाव्या हातात कम्रिका, म्हणजे बांबूची कांडी धरून ती तारेवर सरकवायची. त्याच ग्रंथातल्या लहान किन्नरी वीणेला पडदे आहेत, तेही गिधाडाच्या हाडांचे, मेणाच्या लुकणाने चिकटवलेले. सतार आणि रुद्रवीणेवरच्या पडद्यांची गोष्ट इथून पुढे चालते. 21 तारांची मत्तकोकिला वीणा मात्र मोकळ्या तारांचीच राहिली. टीकाकार कल्लिनाथ तिलाच लोकांतलं स्वरमंडल म्हणतो.

दक्षिणेत याच कुळातलं याळ तमिळ संगम साहित्यात आणि सिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्यात भरभरून येतं, पण तेही लुप्त झालं. स्वामी विपुलानंदांनी 1947 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

वंश पूर्ण बुडाला असं मात्र नाही. म्यानमारचं सौंग गौक आजही वाजतं: होडीसारखं पोट, हरणाचं कातडं, वळलेली मान, सोळा तारा. अफगाणिस्तानातल्या नूरिस्तानात वाजी आहे. आणि मध्य प्रदेशात मंडल्याकडे गोंडांच्या परधान भाटांचं पाच तारांचं बीन-बाजा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी नोंदवलं. शास्त्रीय संगीताने टाकून दिलेलं वाद्य गोंडांच्या गाथा गाणाऱ्यांनी सांभाळलं. याचं श्रेय संगीताच्या इतिहासात त्यांना फारसं मिळत नाही, हे मला खटकतं.

ऐकायचं असेल तर आधी सौंगची ध्वनिमुद्रणं शोधा. बघायचं असेल तर लोणावळ्याजवळ मळवली स्टेशनला उतरून भाजे लेणी गाठा. विहाराच्या ओवरीत हत्तीवरच्या 'इंद्रा'चा शिल्पपट आहे. सगळे फोटो काढतात त्या हत्तीचे. तुम्ही खालच्या बाजूला बघा: नाचणारी एक बाई आणि तिच्या साथीला हीच वीणा घेऊन बसलेली वादक. दगड झिजलाय, पण मानेचं वळण स्पष्ट दिसतं. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे दुपारनंतर जा, उजेड बरा मिळतो.