बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीच्या माहितीतून निर्णयाला उपयोगी पडेल ते काढणं, हे पॉवर बीआय वगैरे रिपोर्ट-चार्ट बनवायची टूल्स आल्यावरच सुरू झालं का?

नाही हो, खूप आधी, १९५८ मध्येच आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी याच नावाच्या सिस्टीमवर पेपर लिहिला होता, त्यात आलेली कागदपत्रं मशीननेच वाचायची, सारांश काढायचा आणि कंपनीत ज्याला तो विषय लागतो त्याच्याकडे आपोआप पाठवायचा. म्हणजे चार्ट नाहीत, चक्क मजकूर! आकड्यांचं नंतर, १९७० ला आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं, मग ८० च्या दशकात डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी वेगळा ठेवलेला माहितीचा साठा, कारण रोजच्या व्यवहारांच्या सिस्टीमवरच मोठे रिपोर्ट चालवले की ती रखडायची. १९८९ पासून विश्लेषक हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे नाव रुळलं. फक्त लून यांच्यापासून आजच्या डॅशबोर्डपर्यंत (आकडे-चार्ट एकत्र दाखवणारी स्क्रीन) सरळ रेघ ओढू नका, डॅशबोर्ड बरेचसे वेअरहाऊसच्या बाजूने आलेत.