वडील दारू प्यायचे, मग मीही पिणार का?

"मॅडम, बापाची प्रवृत्ती माझ्यात आली असेल का?" हा प्रश्न माझ्याकडे बहुधा लग्न ठरायच्या सुमारास येतो. या मुलाचंही तसंच झालं. पंचविशीतला, नोकरी चांगली, वडील दारूपायी गेलेले. बोलणीच्या वेळी मुलीच्या मामांनी 'खाण तशी माती' असं तोंडावर ऐकवलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

रक्तातून काहीच येत नाही, असं खोटं सांगून मी कुणाची समजूत काढत नाही. डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास केला, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. तान्हेपणीच परक्या घरी गेलेली ही मुलं. मद्यपी जन्मदात्यांच्या ५५ मुलग्यांपैकी १० जण पुढे मद्यासक्त झाले. इतर ७८ दत्तक मुलग्यांपैकी ४. जोखीम साधारण साडेतीन पट. पण ५५ पैकी ४५ जण मद्यासक्त झाले नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. मामालोकांपर्यंत ते पोचत नाही.

हे ऐकून तो खुलला. "मला तर चढतच नाही, मॅडम. मित्र दोन पेगमध्ये आडवे होतात. मी चार घेऊन सगळ्यांना घरी सोडतो." (गाडी चालवत! त्यावरून बोलणी खाल्लीच त्याने.)

चढत नाही म्हणजे आपण सुरक्षित, असं त्याला वाटत होतं. आहे नेमकं उलट. अमेरिकेत मार्क शकिट यांनी मद्यपींच्या मुलग्यांना मोजून दारू दिली, तर तेवढ्याच दारूत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इतरांपेक्षा कमी चढली. आणि ज्यांना कमी चढली, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त आढळलं. 'आता पुरे' हे शरीर उशिरा सांगतं, तोवर ग्लास भरत राहतो.

प्रवृत्ती म्हणतात ती बरीचशी अशीच असते. सवय, तलफ, व्यसन हे सगळं पुढचं, आणि प्यायल्याशिवाय त्यातलं काही लागत नाही. तलफेची लक्षणं त्याच्यात दिसली नाहीत. एखादा शनिवार हुकला तर चिडचिड नाही, एकट्याने पिणं नाही. सवय मात्र लागत चालली होती. वर्षभरात दोनाचे चार पेग झाले होते.

"मग कमी करू का?"

दुसऱ्या कुणाला मी मोजून पी म्हटलं असतं. याचा काटाच उशिरा हलतो, मोजणार कशाने? सोडूनच दे म्हटलं. आठवड्यातून एकदा पिणाऱ्याला ते जमतं; रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये, जिवावर बेतू शकतं.

पुढच्या वेळी होणारी बायको सोबत आली. तिचा प्रश्न होता, उद्या मुलांना आजोबांबद्दल सांगायचं की झाकून ठेवायचं? सांगा, म्हटलं, आणि दहावीच्या आतच सांगा. पहिला घोट जितक्या लहान वयात, तितकी पुढे व्यसनाची जोखीम जास्त. बारावीनंतर मुलगा हॉस्टेलला गेला की त्याला सांगणारे दुसरेच असतात.