नभोनाट्य की श्रुतिका?

प्रश्न असा आला आहे: “बीबीसीने शेरलॉक होम्सच्या कथांवर रेडिओसाठी नाटके केली. त्यांना मराठीत नभोनाट्य म्हणायचे की श्रुतिका? दोन्ही एकच ना?”

बोलताना दोन्ही चालतात. श्रुतिका छोटी आणि नभोनाट्य मोठे, असा ढोबळ संकेतही आहे. पण शब्द फोडून पाहिले की फरक कळतो. नभस् + नाट्य = नभोनाट्य, जसे मनस् पासून मनोरंजन. (‘नभनाट्य’ लिहू नये.) नाटक कुठल्या वाटेने येते, ते हा शब्द सांगतो. ‘श्रुतिका’च्या मुळाशी ‘श्रु’ म्हणजे ऐकणे हा धातू आहे, आणि घडण नाटिका, पुस्तिका यांच्या वळणाची. इथे महत्त्व कानाला. ‘श्रुती’ मराठीत दीर्घान्त लिहितो, पण ‘श्रुतिका’त ‘ति’ ऱ्हस्वच.

हेरकथेसाठी मी ‘श्रुतिका’च निवडेन, मग ती कितीही लांब असो. कॉनन डॉइलची १८९२ची ‘द स्पेकल्ड बँड’ घ्या. हेलन स्टोनर होम्सला काय सांगते? रात्री बारीक शीळ ऐकू आली, मग धातूचे काहीतरी जड पडल्यासारखा आवाज झाला, आणि मरताना बहीण ‘बँड’ असे काहीतरी म्हणाली. तिन्ही धागेदोरे कानाचे! बँड म्हणजे पट्टी की टोळी, हा घोळही ऐकण्यातूनच होतो. मराठीत ‘पट्टी’ म्हटले तर टोळी गेली, ‘टोळी’ म्हटले तर पट्टी गेली, आणि ‘बँड’ तसाच ठेवला तर आपल्याला वरातीतली वाजंत्री आठवते. मराठी श्रुतिका लिहिणाऱ्याची खरी कसोटी या एका शब्दापाशी आहे. मला अजून मनासारखा पर्याय सापडलेला नाही. कुणाला सुचला तर जरूर कळवा.

त्याच वर्षीची ‘सिल्व्हर ब्लेझ’ याच्या उलट. तिथे कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा. न झालेला आवाज श्रोत्याला ऐकवायचा कसा? मूळ कथेत होम्स तो संवादातच बोलून दाखवतो, म्हणून रेडिओवर अडत नाही.

बीबीसीने १९८९ ते १९९८ या काळात होम्सच्या चारही कादंबऱ्या आणि ५६ कथा अशा केल्या. सगळ्यांत क्लाइव्ह मेरिसन होम्स आणि मायकेल विल्यम्स वॉटसन. आज त्या हेडफोन लावून मोबाइलवर ऐकता येतात. तिथे ‘नभ’ ओढूनताणूनच आणावे लागेल, ‘श्रुतिका’ला काही अडचण नाही.

आणि ‘रहस्य’ जोडायचे असेल तर ‘रहस्यश्रुतिका’ असे एकत्र लिहा. सामासिक शब्द आहे, मधे जागा सोडायची नाही.