व्हॉल्यूम शून्यावर, तरी घूंऽऽ

प्रश्न : फेंडर कंपनीच्या चॅम्प मॉडेलच्या ५एफ१ सर्किटवरून घरी गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधला. वाजतो छान, पण व्हॉल्यूम शून्यावर असला तरी घूंऽऽ आवाज चालूच. दोष कुठे शोधू?

उत्तर : शून्यावरही आवाज येतो म्हणजे गिटार, केबल आणि पहिला टप्पा बहुधा ठीक आहेत. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, १२एएक्स७ (सिग्नल वाढवणारा पहिला व्हॉल्व्ह) काढा, स्पीकर जोडलेला ठेवून पुन्हा सुरू करा.

आवाज थांबला? मग आधी फिलामेंटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या, तारा बघा. ६.३ व्होल्टच्या या दोन तारांना घट्ट पीळ हवा आणि त्या चॅसिसच्या कडेने गेल्या पाहिजेत, ग्रिडच्या (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल नेणाऱ्या) तारेला समांतर मुळीच नकोत. ट्रान्सफॉर्मरच्या या वाइंडिंगला मधला टॅप (मध्यातून काढलेली तार) नसेल, तर प्रत्येक तारेपासून अर्थला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. हे हमखास राहून जातं!

आवाज तसाच राहिला, तर फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातली घरघर गाळणारे) तपासा : १६, ८, ८ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे. पहिल्याचं ऋण टोक आणि हाय टेन्शन (जास्त व्होल्टच्या) वाइंडिंगचा मधला टॅप एकाच बिंदूवर डाखा, इनपुट जॅकपासून लांब. पहिला कपॅसिटर मोठा घालायचा मोह टाळा. ५वाय३ रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हवर) ताण येतो. पॉवर आणि आउटपुट या दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे गाभे एकमेकांशी काटकोनात हवेत.

आणि कृपा करून लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर उरू शकतात. इन्सुलेटेड क्लिपने १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर धन टोक ते चॅसिस असा काही सेकंद धरा. मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत हात घालू नका.