थ्युनेन-वेबर पाठ करायला बसण्याआधी हे वाच

अरे ऑप्शनल विषय म्हणून भूगोल घेतलास ते मस्तच केलंस, पण जर्मन अर्थतज्ज्ञ थ्युनेनची शहराभोवतीच्या शेतीची वर्तुळं नुसती घोकू नकोस, परीक्षेत ऐनवेळी दगा देतात. त्याने 1826 मध्ये विचारलं ते इतकंच, की शहर एकच, जमीन सगळीकडे सारखी, मग कुठे काय पिकवलं तर परवडेल? दूध-भाजी शहराला चिकटून, धान्य लांब, गुरं सगळ्यात लांब कारण ती स्वतःच्या पायाने बाजारात येतात. वसईची फुलं पहाटेच्या लोकलने दादरला उतरतात ते हेच. मग आणंदचं दूध 400 च्या वर किलोमीटरवरून मुंबईत कसं येतं? गारवा आणि रेल्वे आली की वर्तुळ ताणलं जातं, ही टीका उत्तरात हवीच हवी.

कारखाना कुठे उभा राहतो हे सांगणारा वेबर (1909) मला जास्त आवडतो. त्याला एकच प्रश्न विचार, माल बनवताना वजन घटतं का? 10 किलो उसातून साखर जेमतेम 1 किलो, शिवाय तोडल्यावर ऊस ठेवला की साखरेचा उतारा (उसातून मिळणारी साखर) घसरतो, म्हणून कारखाने प्रवरानगर, सांगली, कोल्हापूरला, उसाच्या कुशीत. कापसाचं बघ, सरकी काढताना वजन निम्म्याहून जास्त घटतं म्हणून जिनिंग वऱ्हाड-खानदेशातच, पण रुईचं सूत करताना फारसं घटत नाही, म्हणून गिरणी कुठेही चालते आणि मग बंदर, दमट हवा, भांडवल, कोकणातून आलेले कामगार यांच्या जोरावर मुंबईत गिरणगाव, म्हणजे कापड गिरण्यांचा भाग, उभं राहिलं. एखाद्या रविवारी लालबाग-परळला गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या बघत फीर आणि घरी येऊन नकाशा स्वतःच्या हाताने काढ, रेल्वे आणि बंदरासकट.