जानेवारीत सेंट पीटर्सबर्ग: आधी उजेडाचा हिशेब करा

थंडीची काळजी नंतर, आधी उजेडाचं बघा. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे दहाच्या सुमारास उजाडतं आणि चारनंतर लगेच सूर्य मावळतो. म्हणून नेवा नदीचा काठ, पीटर-पॉल किल्ला भर दुपारी उरका, हर्मिटेज संग्रहालय त्यानंतर. सोमवारी ते बंद असतं.

एकाच जाड कोटावर भिस्त ठेवू नका. संग्रहालयात कोट जमा करावा लागतो, आत चांगलंच ऊबदार असतं. त्यामुळे थर्मल, त्यावर स्वेटर, असे सुटे थर हवेत. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झटकन उतरते. आणि कृपा करून छपरांखालून चालताना वर बघा! बर्फाचे सुळके खरोखर कोसळतात. फुटपाथ पट्टी लावून अडवलेला दिसला तर पलीकडून जा. आपली व्हिसा, मास्टरकार्डची बँक कार्डं २०२२पासून रशियात चालत नाहीत, रोख रक्कम न्या.