मे महिन्यातील सामन्यांआधी एवढे करा

उन्हाळ्यात क्रिकेट खेळण्यासाठी तुम्ही आहारतक्ता मागितला आहे. परंतु पहिल्याच उन्हाळ्यात व्यावसायिक खेळाडूंच्या संपूर्ण तक्त्याचे अनुकरण करण्यापेक्षा त्यांच्या दोन-तीन सवयी अंगी बाणवणे अधिक उपयोगाचे ठरेल, म्हणून पूरक पावडरी आणि प्रथिनांचे हिशेब मी मुद्दाम बाजूला ठेवतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी आणि मीठ. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये मद्रास येथे बरोबरीत सुटलेल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डीन जोन्स यांनी २१० धावा केल्या. मात्र त्या उकाड्यात शरीरातील पाणी इतके घटले, की त्यांना रुग्णालयात सलाइन लावावे लागले. ते तर कसलेले खेळाडू होते! सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि ती तूट पुढील काही तासांत थोडे थोडे पिऊन भरून काढावी. नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- तहान लागेपर्यंत थांबणे.
- भरपूर घामानंतर केवळ साधे पाणी पीत राहणे. मीठ घातलेले लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस अधिक योग्य.
- सामन्याच्या दिवशी तळलेले किंवा नवे पदार्थ खाणे. तीन तास आधी वरण-भात पुरे.

उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे सरावाचा वेळ रोज थोडाच वाढवा. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवल्यास षटक पूर्ण करण्याचा हट्ट न धरता सावलीत या, अंगावर पाणी ओतून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.